दरवाजे बंद असताना दिलेली सत्ता: डेन्मार्क, १६६०

कोरा_कागद (धागाकर्ता)

निरंकुश राजेशाही म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर व्हर्सायचा राजवाडा आणि चौदावा लुई येतो. शाळेच्या पुस्तकांनी तेवढंच दाखवलेलं असतं. मला या धाग्यात डेन्मार्कबद्दल लिहायचं आहे. राजाच्या हातात अमर्याद सत्ता नेमकी कशी जाते, हे तिथे जितकं उघड दिसतं तितकं मला युरोपात दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. ऑक्टोबर १६६० मध्ये दहा दिवसांत सगळं आटोपलं. राजाने त्यासाठी एकही लढाई मारली नव्हती. उलट तो नुकताच युद्ध हरला होता, देशाचा सगळा पूर्वेकडचा भाग गमावून बसला होता आणि खजिन्यात खडखडाट होता.

आधीची व्यवस्था समजून घेऊ. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा तेव्हा निवडला जाई. निवड बहुधा आधीच्या राजाच्या मुलाचीच होई, पण त्याची किंमत मोजावी लागे. गादीवर बसण्याआधी त्याला सरदारांच्या राज्यमंडळाला करारनामा लिहून द्यावा लागे: मंडळाच्या संमतीशिवाय युद्ध पुकारणार नाही, नवे कर बसवणार नाही, मोठी पदं डॅनिश सरदारांनाच देईन. फेब्रुवारी १६४८ मध्ये ख्रिश्चन चौथा वारला तेव्हा मंडळाने त्याच्या मुलाला, तिसऱ्या फ्रेडरिकला, काही महिने ताटकळत ठेवलं आणि फार कडक करारनामा लिहून घेतला.

सरदार स्वतः कर देत नसत. देश संकटात आला तर घोड्यावर बसून लढायचं, हा त्यामागचा जुना व्यवहार. पण सतराव्या शतकात युद्धं भाडोत्री पायदळ, तोफा आणि आरमार यांच्या बळावर लढली जाऊ लागली. सरदाराच्या घोड्याला रणांगणात फारशी किंमत उरली नाही, करमाफी मात्र जशीच्या तशी राहिली. माझ्या मते पुढच्या सगळ्या घटनांचं मूळ इथे आहे.

दुसरी गोष्ट सुंद या सामुद्रधुनीतल्या जकातीची. बाल्टिक समुद्रात ये-जा करणाऱ्या जहाजांना हेल्सिंगोरला क्रोनबोर्ग किल्ल्यासमोर थांबून जकात भरावी लागे आणि तो पैसा थेट राजाच्या तिजोरीत पडे. त्याच्याच जोरावर ख्रिश्चन चौथा १६२५ मध्ये, मंडळाचा विरोध असतानाही, होलश्टाइनचा ड्यूक या नात्याने तीस वर्षांच्या युद्धात उतरला. १६२६ मध्ये लुटरला त्याचा सपशेल पराभव झाला. पुढे स्वीडनने हल्ला केला आणि १६४५ च्या ब्रेमसेब्रो तहात गॉटलंड, ओसेल, येम्टलंड, हेर्येदालेन हे प्रदेश गेले, हालांड तीस वर्षांसाठी द्यावा लागला आणि स्वीडिश जहाजांची जकातही सुटली. स्वतःच्या जमिनी आणि जकात यांवर चालणारं राज्य आता लोकांवर कर बसवल्याशिवाय चालणार नव्हतं. आणि ज्यांच्या संमतीशिवाय कर बसत नव्हते, ते स्वतः कर देत नव्हते.

१६५७ मध्ये डेन्मार्कने स्वीडनवर युद्ध पुकारलं. स्वीडनचा राजा दहावा चार्ल्स गुस्ताव पोलंडात अडकलाय, गेलेले प्रदेश परत घेऊ, हा हिशेब. चार्ल्स तिथून तडक निघाला आणि जटलंडमध्ये घुसला. मग १६५८ चा हिवाळा आला. समुद्र गोठला. चार्ल्सने तोफा-घोड्यांसह सैन्य आधी छोटा बेल्ट आणि मग मोठा बेल्ट या सामुद्रधुन्यांच्या बर्फावरून चालत नेलं आणि तो झीलंड बेटावर, राजधानीच्या दारात उभा राहिला. फेब्रुवारी १६५८ चा रोस्किल्डचा तह डेन्मार्कच्या इतिहासातला सर्वांत अपमानकारक मानला जातो: स्कोने, हालांड, ब्लेकिंग, बोर्नहोम, नॉर्वेतले बोहूस आणि ट्रॉंडहाइम, सगळं गेलं.

ऑगस्टमध्ये चार्ल्सने तह मोडून पुन्हा हल्ला केला. या वेळी त्याला अख्खा डेन्मार्क हवा होता. फ्रेडरिकला शहर सोडून जाण्याचा सल्ला मिळाला, तेव्हा ‘मी माझ्या घरट्यातच मरेन’ असं तो म्हणाला. कोपनहेगनच्या नागरिकांना त्याने मोठे हक्क देऊ केले: सरदारांसारखी जमीन घेण्याचा हक्क, पदांवर नेमणुकीचा हक्क, राज्याच्या कारभारात मत. ते लढले. ऑक्टोबरच्या अखेरीस डच आरमाराने वेढा फोडून रसद आत आणली आणि १० फेब्रुवारी १६५९ च्या रात्री स्वीडिश सैन्याने चढवलेला हल्ला व्यापारी, कारागीर, विद्यार्थी, खलाशी यांनी सैनिकांच्या बरोबरीने तटावर उभं राहून परतवला. १६६० मध्ये चार्ल्स अचानक वारला, तह झाला, बोर्नहोम आणि ट्रॉंडहाइम परत मिळाले. स्कोने कायमचं गेलं.

सप्टेंबर १६६० मध्ये पैशासाठी कोपनहेगनमध्ये सभा बोलावली गेली: सरदार, धर्मगुरू आणि शहरवासी. विषय होता वस्तूंच्या खपावरचा कर. सरदारांनी नेहमीप्रमाणे सूट मागितली, निदान त्यांच्या गढ्यांपुरती. पण आता समोर वर्षभरापूर्वी शहर वाचवलेली माणसं बसली होती. झीलंडचा बिशप हान्स स्वाने आणि कोपनहेगनचा महापौर हान्स नान्सेन यांनी पुढाकार घेतला. ८ ऑक्टोबरला धर्मगुरू आणि शहरवाल्यांनी ठराव केला, की राजपद वंशपरंपरागत करावं. वंशपरंपरागत म्हणजे निवड नाही. निवड नाही म्हणजे करारनामा नाही. आणि करारनामा गेला की राज्यमंडळाच्या हातातलं एकमेव हत्यार गेलं.

मंडळाने नकार दिला. तेव्हा शहराचे दरवाजे बंद झाले, पहारे वाढले, सरदारांना बाहेर पडता येईना. १३ तारखेला त्यांनी मान्य केलं. १७ ला करारनामा रद्द करून राजाला परत देण्यात आला. १८ ऑक्टोबरला राजवाड्यासमोर सर्व वर्गांनी वंशपरंपरागत राजा म्हणून त्याच्याशी निष्ठेची शपथ घेतली.

नवी राज्यघटना काय असावी यावर एकमत झालं नाही, म्हणून ते काम राजावरच सोपवलं गेलं. जानेवारी १६६१ मध्ये एक दस्तऐवज सह्यांसाठी देशभर फिरला. त्यात वंशपरंपरेबरोबर निरंकुश सत्ताही लिहिलेली होती. ऑक्टोबरमध्ये असं काही उघडपणे ठरलेलं नव्हतं. सह्या मात्र झाल्या.

मला सांगायचंय ते एवढंच: ही सत्ता राजाने एकट्याने बळकावली नाही. जे सरदारांच्या माफीला कंटाळले होते त्यांनी ती राजाला दिली, एका वर्गाची सूट मोडण्यासाठी. ती देताना आपल्या हातात काय राखायचं, हे त्यांनी कुठेच लिहून घेतलं नाही. तुमची मतं वाचायला आवडतील.

---

बखरवाचक

लेख आवडला, पण निष्कर्षाशी सहमत नाही. शहराचे दरवाजे बंद, तटावर पहारा, सरदार आत कोंडलेले. याला सत्ता ‘दिली’ कसं म्हणायचं? राजाचा विश्वासू क्रिस्टोफर गाबेल त्या दिवसांत राजवाडा आणि सभा यांच्यात सतत ये-जा करत होता. राणी सोफी अमाली तर या बदलासाठी फार उत्सुक होती असं मानलं जातं. राजा गप्प बसला होता हे खरं, पण त्याच्या गप्प बसण्याला सैन्याचा आधार होता. मी याला लष्कराच्या धाकाखालचं सत्तांतर म्हणेन.

---

कोरा_कागद

धाक होताच, तो मी नाकारत नाही. शीर्षकातच दरवाजे बंद आहेत. पण एक पाहा. धाक फक्त सरदारांना होता. धर्मगुरू आणि शहरवाल्यांनी ८ तारखेचा ठराव केला तेव्हा दरवाजे उघडे होते, त्यांच्यावर कुणी बंदूक रोखलेली नव्हती. आणि तटावरच्या पहाऱ्यात शहराची नागरी फौजही होती. तीन पक्षांपैकी दोघांनी तिसऱ्याला कोंडलं आणि किल्ली राजाकडे दिली, असं मी म्हणेन. राजाला हे हवं होतं, त्याने पडद्याआडून हालचाली केल्या, हेही मान्य. पण नान्सेन आणि स्वाने नसते तर एकट्या गाबेलच्या येरझाऱ्यांनी काही साधलं नसतं.

---

उत्तरवारा

कोपनहेगनमध्ये बरीच वर्षं राहतोय, म्हणून जागांबद्दल थोडं.

ज्या राजवाड्यासमोर शपथविधी झाला तो आता नाही. १७३१ पासून तो पाडला गेला आणि त्या जागी ख्रिश्चन्सबोर्ग उभं राहिलं, जिथे आज डेन्मार्कची संसद भरते. शेजारीच ख्रिश्चन चौथ्याने बांधलेली जुनी बाजारइमारत, ब्योर्सेन. शपथविधीची जुनी चित्रं पाहिली तर तिचा सर्पिल शेपट्यांचा मनोरा ओळखू येतो. एप्रिल २०२४ च्या आगीत तो मनोरा कोसळला. त्या दिवशी इथले लोक रस्त्यावर उभे राहून रडत होते, आणि आतली जुनी चित्रं वाचवण्यासाठी वाटसरूसुद्धा हात लावायला धावले होते.

राजवाड्याला लागून निळा मनोरा होता, राजकैद्यांचा तुरुंग. त्याची एक आख्यायिका इथे सगळे सांगतात. त्या ऑक्टोबरात पुलावर सरदार ओट्टे क्राग आणि महापौर नान्सेन समोरासमोर आले. क्रागने निळ्या मनोऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे माहीत आहे ना? नान्सेनने उत्तरादाखल फ्रुए चर्चच्या मनोऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे शहराला जागं करणारी धोक्याची घंटा टांगलेली होती. घडलं असो वा नसो, दोघांकडे कोणती ताकद होती ते त्यातून नेमकं कळतं.

त्याच निळ्या मनोऱ्यात पुढे लिओनोरा क्रिस्टिना २२ वर्षं कैदेत होती, १६६३ ते १६८५. ती ख्रिश्चन चौथ्याची मुलगी, म्हणजे फ्रेडरिकची सावत्र बहीण. गुन्हा काय? तिचा नवरा कॉर्फिट्स उल्फेल्ट. एकेकाळी राज्यमंडळातला सर्वांत बलाढ्य माणूस, नंतर स्वीडनला जाऊन मिळालेला. १६६३ मध्ये तो राजाच्या हाती लागला नाही. त्याच्या पुतळ्याला देहदंड दिला, घर पाडलं आणि त्या जागी त्याची बदनामी कोरलेला दगडी खांब उभारला. तो खांब आता राष्ट्रीय संग्रहालयात आहे. लिओनोराने कोठडीत लिहिलेल्या आठवणी १८६९ मध्ये छापल्या गेल्या आणि आज त्या डॅनिश गद्यातलं थोर लेखन मानल्या जातात. तिच्यावर कधी खटला चालला नाही. निरंकुश सत्ता एका माणसासाठी काय असते, ते मला त्या पानांतून कळलं.

---

जमाखर्च

पैशाची बाजू थोडी पुढे नेतो, कारण माझ्या मते खरा बदल तिथे आहे.

युद्ध संपलं तेव्हा राजा कोपनहेगन, हॅम्बुर्ग आणि ॲमस्टरडॅमच्या सावकारांच्या कर्जात बुडाला होता. सैन्याला कपडे, धान्य, दारूगोळा पुरवणारे व्यापारी पैशाची वाट पाहत होते. नव्या राजवटीने त्यांना रोख पैसे दिले नाहीत, राजाच्या मालकीच्या जमिनी दिल्या. १६६० पूर्वी देशातली जवळपास निम्मी शेतजमीन राजाची होती, तिचा फार मोठा भाग पुढच्या वर्षांत असा हातचा गेला. म्हणजे शहरातले सावकार एका फटक्यात जमीनदार झाले. कोरा_कागद म्हणतात त्या ‘सरदारांसारखी जमीन घेण्याचा हक्क’ या वचनाचा प्रत्यक्ष अर्थ हा होता.

पण राजाने जमिनी विकल्या की त्याचं खंडाचं उत्पन्नही गेलं. मग राज्य चालवायचं ते करांवर. कर बसवायचे तर कोणाकडे किती पिकतं ते माहीत हवं. म्हणून १६६४ ची जमीननोंदणी, आणि ती अपुरी वाटली म्हणून पाचव्या ख्रिश्चनची १६८८ ची. या दुसऱ्या नोंदणीसाठी डेन्मार्कभर शेतं दोरीने मोजली गेली, मातीचा कस ठरवला गेला आणि प्रत्येक शेताची किंमत धान्याच्या मापात लिहिली गेली. सतराव्या शतकातलं ते फार मोठं काम आहे.

जुने जहागिरीचे प्रांत मोडून १६६२ मध्ये पगारी अधिकाऱ्यांचे जिल्हे आले. केंद्रात मंडळं नेमून कामाची वाटणी झाली: एक खजिन्याचं, एक लष्कराचं, एक आरमाराचं. १६८३ मध्ये अख्ख्या डेन्मार्कला एकच कायदेसंहिता मिळाली. त्याआधी जटलंडचा कायदा वेगळा, झीलंडचा वेगळा. निरंकुश राजा म्हणजे लहरी राजा असा समज असतो. इथे तर कचेऱ्या, वह्या आणि कारकून वाढलेले दिसतात.

---

रानजाई

सगळे प्रतिसाद वाचले. एक माणूस अजून कुणाच्या बोलण्यात आलेला नाही: शेतकरी.

१६६० च्या सभेत सरदार होते, धर्मगुरू होते, शहरवाले होते. देशातली बहुसंख्य माणसं शेतावर राबत होती आणि त्यांच्यातला एकही त्या सभेत बसला नव्हता. शेजारच्या स्वीडनमध्ये शेतकऱ्यांचा स्वतंत्र वर्ग सभागृहात बसायचा, डेन्मार्कमध्ये नाही. झीलंडवरच्या कुळाच्या मुलाला तर जन्मला त्या जहागिरीतून बाहेर जायची मुभा नव्हती. नव्या राजाने ही बंधनं काढली का? १७०२ मध्ये झीलंडचं बंधन गेलं, पण १७३३ मध्ये देशभरातल्या कुळांच्या तरुणांना जहागिरीला बांधणारा नवा हुकूम आला. आधी १४ ते ३६ वयाच्या पुरुषांना, पुढे अठराव्या शतकात वाढत वाढत ४ ते ४० वयाच्यांना. चार वर्षांचं पोर! त्या हुकमामागे कारण दिलं गेलं ते सैन्यभरतीचं.

आणि ज्या करमाफीवरून एवढं रामायण झालं तिचं काय झालं? ती परत आली. १६८२ पासून ज्याच्याकडे ठरावीक आकाराची, म्हणजे धान्याच्या मापात २०० पिंप मोजली जाणारी कुळांची जमीन गढीच्या आसपास असेल, त्याच्या गढीच्या शेतीला करमाफी. बदल्यात त्याने कुळांचा कर गोळा करून राजाला द्यायचा, कुळ बुडालं तर स्वतः भरायचा. सरदार असो वा सावकार, अट एकच. म्हणजे सूट जन्मावरून सुटली आणि मालमत्तेवर जाऊन बसली. शेतकऱ्याच्या दारात वसुलीला येणारा माणूस तोच राहिला, फक्त आता त्याच्यामागे अख्ख्या राज्याचं बळ होतं.

मला म्हणून ‘सत्ता कोणी दिली’ हा प्रश्न अपुरा वाटतो. ज्यांनी दिली त्यांनी दुसऱ्याच्या अंगावरचं दिलं.

---

कोरा_कागद

रानजाई, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मला जोडण्यासारखं काही नाही. एक उदाहरण मात्र देतो, कारण ते हेच सिद्ध करतं. १६५३ मध्ये ब्रांडेनबुर्ग या जर्मन राज्याचा शासक (इलेक्टर) फ्रीडरिश विल्हेल्म याला कायम सैन्य ठेवायला पैसा हवा होता. तिथल्या जमीनदारांनी सहा वर्षांसाठी ५,३०,००० थालर मंजूर केले. बदल्यात त्यांच्या गावांतल्या कुळांवरचे जमीनदारांचे जुने हक्क इलेक्टरने लेखी कबूल केले. कूळ बांधील नाही असं कुणाचं म्हणणं असेल तर ते शाबीत करण्याचा भार कुळावर. पुढच्या प्रशियाच्या लष्करी सत्तेचा पाया या व्यवहारात आहे. तो करतानाही तिसरा माणूस खोलीत नव्हता.

---

बखरवाचक

ब्रांडेनबुर्ग निघालंच आहे तर फ्रान्सही येऊ द्या. धाग्याला डेन्मार्कपुरतं ठेवायचंय हे कळतं, पण तुलनेने चित्र स्वच्छ होतं.

फ्रान्समध्ये वर्गांची देशव्यापी सभा १६१४ मध्ये भरली आणि त्यानंतर थेट १७८९ मध्ये. पण प्रांतांच्या सभा, उदाहरणार्थ लांगदॉकची, चौदाव्या लुईच्या काळातही भरत होत्या आणि राजाच्या माणसांना त्यांच्याशी घासाघीस करावी लागत होती. न्यायालयीन पदं विकत मिळत. १६०४ पासून वार्षिक शुल्क भरलं की पद मुलाला वारशाने देता येई. राजाला पैसा मिळाला, पण ज्यांना हटवता येत नाही असे हजारो अधिकारीही त्याच्या वाट्याला आले. १६४८ ते १६५३ च्या फ्रोंदच्या बंडाची सुरुवात पॅरिसच्या अशाच न्यायाधीशांनी केली. लुई तेव्हा लहान होता, एकदा तर त्याला रात्री पॅरिसमधून पळवून न्यावं लागलं. १६६१ मध्ये आधीचा मुख्यमंत्री मझारँ वारल्यावर त्याने मुख्यमंत्रीच नेमला नाही, त्यामागे बालपणीचा हा अनुभव होता असं मला वाटतं. १६७३ मध्ये त्याने न्यायालयांना सांगितलं: आधी हुकूम नोंदवा, हरकती नंतर.

आणि शेवट बघा. १ सप्टेंबर १७१५ ला लुई वारला. दुसऱ्याच दिवशी पॅरिसच्या न्यायालयाने त्याचं मृत्युपत्र बाजूला सारलं, ऑर्लेयाँच्या ड्यूकला राज्यरक्षक म्हणून पूर्ण अधिकार दिले आणि त्याने त्यांना हरकतींचा हक्क परत दिला. बहात्तर वर्षं राज्य केलेल्या राजाची शेवटची इच्छा एक दिवस टिकली नाही. डेन्मार्कमध्ये हे होणं शक्य नव्हतं, कारण तिथे कायदाच लिहून ठेवला होता. त्या कायद्याबद्दल कोरा_कागद यांनी अजून लिहिलं नाही, ते लिहावं.

---

कोरा_कागद

लिहितो. तो मुद्दाम नंतरसाठी ठेवला होता.

१४ नोव्हेंबर १६६५ ला फ्रेडरिकने ‘राजाचा कायदा’ सही केला. ४० कलमं. लिहिणारा पेडर शूमाकर, कोपनहेगनच्या एका दारूव्यापाऱ्याचा मुलगा, परदेशात शिकून आलेला तरुण. त्यात म्हटलंय की राजा हा पृथ्वीवरचा सर्वोच्च प्रमुख आहे, तो सर्व मानवी कायद्यांच्या वर आहे, आणि धर्माच्या वा राज्याच्या बाबतीत ईश्वराखेरीज त्याच्यावर कोणी न्यायाधीश नाही. कायदे करणं, बदलणं, अधिकारी नेमणं-काढणं, युद्ध, तह, कर, सगळं त्याचं. बंधनं मोजकी: त्याने लुथरच्या पंथाच्या ऑग्सबर्ग कबुलीला धरून राहावं, राज्याचे तुकडे करू नयेत आणि ही सत्ता कधीही कमी करू नये. एखाद्या राजाने तसं वचन दिलं तर ते वचनच रद्दबातल. आपली सत्ता सोडण्याचं स्वातंत्र्य तेवढं राजाला नव्हतं.

इतक्या स्पष्ट शब्दांत निरंकुश सत्ता लिहून ठेवणारा दुसरा असा कायदा युरोपात नाही. आणि तो गुप्त ठेवला गेला. फ्रेडरिक १६७० मध्ये वारला तोवर जवळच्या मोजक्या लोकांनाच तो ठाऊक होता, आणि छापला गेला तो १७०९ मध्ये. म्हणजे ज्या धर्मगुरूंनी आणि व्यापाऱ्यांनी ‘घटना राजाने लिहावी’ असं ठरवलं, त्यांच्यातल्या बहुतेकांना ती वाचायला मिळालीच नाही.

शूमाकर पुढे काउंट ग्रिफेनफेल्ड झाला, देशाचा चान्सलर झाला. १६७६ मध्ये लाचखोरी आणि राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडला गेला. वधस्तंभावर मान ठेवलेली असताना माफीचा हुकूम आला आणि देहदंडाची जन्मठेप झाली. त्यातली बहुतेक वर्षं त्याने ट्रॉंडहाइमसमोरच्या मुंकहोल्म बेटावर काढली. जो राजा सर्व कायद्यांच्या वर आहे असं त्याने स्वतः लिहिलं, त्या राजापुढे दाद मागायला त्याच्याकडे कोणताच कायदा उरला नव्हता.

---

हिमरेषा

आइसलंडची एक नोंद. १६६१ मध्ये सह्यांसाठी फिरलेल्या निरंकुश सत्तेच्या दस्तऐवजावर तिथे २८ जुलै १६६२ ला कोपावोगूर इथे सह्या घेतल्या गेल्या. राजाचा प्रतिनिधी हेन्रिक ब्येल्के सशस्त्र शिपायांसह आला होता. वृद्ध कायदेप्रमुख आउर्नी ओडसन यांनी दिवसभर नकार दिला आणि शेवटी रडत सही केली, अशी तिथली परंपरा सांगते. कोपनहेगनच्या व्यापाऱ्याने सरदाराची माफी मोडण्यासाठी जे केलं, त्याची किंमत ज्यांना सरदारांचा तसा जाच नव्हता त्यांनीही मोजली.

---

कावेरीकाठ

आमचं घराणं तंजावरचं, घरी अजून तंजावरी मराठी बोलतात. म्हणून या धाग्यातला एक दुवा सांगायचा मोह होतोय.

डॅनिश लोकांनी १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून तरंगमबाडीला डान्सबोर्ग किल्ला बांधला. वर ज्या युद्धांचं वर्णन आहे त्या काळात डेन्मार्कहून तिथे जवळपास तीस वर्षं जहाजच आलं नाही, जुनी कंपनीही १६५० मध्ये बंद झाली. नव्या राजवटीत १६६९ मध्ये पुन्हा जहाज आलं आणि १६७० मध्ये नवी कंपनी निघाली. तोवर तंजावरचं राज्य बदलत आलं होतं. व्यंकोजी राजे भोसल्यांनी ते घेतल्यावर डॅनिशांना तरंगमबाडीचा वार्षिक खंड मराठा राजांना द्यावा लागे.

पण मला महत्त्वाचा वाटतो तो धर्माचा धागा. राजाच्या कायद्याप्रमाणे चर्चचा प्रमुखही राजाच. १७०५ मध्ये चौथ्या फ्रेडरिकने स्वतःच्या अधिकारात त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युशाउ या दोन जर्मन धर्मोपदेशकांना तरंगमबाडीला पाठवलं. कंपनीला ते मुळीच नको होते, तिथल्या कमांडंटने तर त्सीगेनबाल्गला काही महिने कैदेत टाकलं. राजाच्या पाठिंब्यामुळे ते टिकले आणि तिथे छापखाना उभा राहिला. याच मिशनमधून १७५० मध्ये क्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ आला, आणि तो पुढे आमच्या दुसऱ्या सरफोजीराजांचा पालक-शिक्षक झाला. सरस्वती महाल ग्रंथालय ज्यांनी नावारूपाला आणलं ते सरफोजी. १६६५ च्या कागदावरच्या एका कलमाचा माग काढत गेलं तर तंजावरच्या राजवाड्यात पोचता येतं.

---

जमाखर्च

कावेरीकाठ, हे नवीन कळलं, आभार.

एक प्रश्न सगळ्यांना. राजा कर्तबगार असेल तोवर ठीक. पण वंशपरंपरेत वेडा राजा आला तर? कायद्यात त्याची सोय होती का?

---

उत्तरवारा

राजा अज्ञान असेल तर पालकमंडळाची सोय होती, पण वेड्या राजाची नव्हती. आणि तसा राजा आला. सातवा ख्रिश्चन १७६६ मध्ये गादीवर बसला, मनाने गंभीर आजारी. त्याचा जर्मन वैद्य योहान फ्रीडरिश स्ट्रुएन्से हळूहळू त्याचा विश्वासू झाला, राणी कॅरोलिन माटिल्डाचा प्रियकर झाला, आणि जुलै १७७१ मध्ये त्याला असा अधिकार मिळाला की मंत्रिमंडळाच्या हुकमावर त्याची सही राजाच्या सहीइतकीच ग्राह्य. राजा सर्व कायद्यांच्या वर, म्हणून राजाची लेखणी ज्याच्या हातात तोही कायद्यांच्या वर. त्याने तिचा उपयोग बऱ्याच अंशी चांगला केला: १७७० मध्ये ग्रंथतपासणी रद्द झाली, चौकशीतल्या छळाला बंदी झाली. जानेवारी १७७२ मध्ये राजाची सावत्र आई आणि विरोधी दरबाऱ्यांनी रात्री राजाला उठवून अटकेच्या हुकमांवर सह्या घेतल्या. तीच लेखणी, दुसरा हात. २८ एप्रिलला स्ट्रुएन्सेचा शिरच्छेद झाला.

रानजाईंनी सांगितलेलं जहागिरीचं बंधनही शेवटी २० जून १७८८ च्या एका शाही हुकमानेच उठलं. राजा तेव्हाही सातवा ख्रिश्चनच, कारभार त्याचा मुलगा आणि रेव्हेंटलो, बर्नस्टोर्फ यांच्यासारखे मंत्री पाहत होते. जमीनदारांचा विरोध होता, पण तो अडवून धरायला राज्यमंडळच शिल्लक नव्हतं. त्याची आठवण म्हणून उभारलेला दगडी स्तंभ आजही व्हेस्टरब्रोच्या तोंडाशी, मध्यवर्ती स्टेशनाजवळ आहे.

---

रानजाई

हे मान्य करायला हवं. १७८८ चा हुकूम सरदारांच्या मंडळातून कधीच पार पडला नसता. पण तोच हुकूम यायला १६६० पासून १२८ वर्षं लागली, आणि तेवढ्या काळात जे जन्मले आणि मेले त्यांच्यातल्या कुणालाही तो मागण्याची जागा नव्हती. ती जागा ५ जून १८४९ च्या घटनेने मिळाली, आणि तीही तीस वर्षांवरच्या पुरुषांपुरती. त्यातही जो दुसऱ्याच्या घरी चाकरीला होता त्याला मत नव्हतं. स्वतःचं घर नसलेला शेतमजूर तेव्हाही बाहेरच राहिला.